बऱ्या झालेल्या बाईंचा पाय

रविवारी मी ज्या चर्चमध्ये जाते ते माझं नाही. मी बौद्ध घरची, वाशीम जिल्ह्यातली, आठवीत शाळा सुटलेली. बाईंचा हात धरून जायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि उपासना संपली की त्यांचा हात धरून नाना पेठेतल्या खोलीवर परत यायचं, एवढाच माझा त्या जागेशी संबंध. पण इतकी वर्षं जातेय की गीतं पाठ झालीत, आणि कधीकधी बोलताना ‘आमच्या चर्चमध्ये’ असं तोंडातून निघून जातं. मग मी इकडेतिकडे बघते, कुणी ऐकलं तर नाही ना.

स्वभावच घाबरट. बाई म्हणतात, "तू जन्माला आलीस तेव्हाही आधी दार वाजवलं असशील."

कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत मी कात्रजला टेकडीच्या बाजूला एका खोलीत राहत होते. नवरा त्याच्या आधीच निघून गेला होता. कोथरूडला डब्याच्या पोळ्या लाटायचं काम होतं ते बंद पडलं, आणि खोलीमालक म्हणाला, गावी जा, जसं काही गाव कोपऱ्यावरच होतं. त्या दिवसांत हे चर्चवाले टेम्पो घेऊन वस्तीत यायचे. शिधा द्यायचे, आणि द्यायच्या आधी प्रत्येकाच्या बोटाला ते चिमट्यासारखं ऑक्सिजनचं यंत्र लावायचे. माझ्या बोटाला ते बाईंनी लावलं. साठी कधीच उलटलेली, फिकट साडी, तोंडावर एकावर एक दोन मास्क. यंत्राकडे बघून म्हणाल्या, ऑक्सिजन तर उत्तम आहे, मग चेहरा असा का. मी रडायला लागले. मागे रांग थांबली होती. त्यांनी विचारलं, पोळ्या येतात का. मी म्हटलं, पोळ्याच येतात. "मग चल," म्हणाल्या. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, धर्म विचारला नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे आहे.

बाई एकट्याच. पूर्वी चर्चच्याच बालवाडीत शिकवायच्या, त्यामुळे पेठेतले टक्कल पडलेले पुरुषही त्यांना बाईच म्हणतात आणि त्या समोर आल्या की खिशातून हात बाहेर काढतात. टाळेबंदी उठली, माझं कोथरूडचं काम पुन्हा सुरू झालं, तरी मला जा असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं आणि हो म्हणाल्या तर काय, ही धास्ती.

आता चर्चमधल्या त्या टेबलाविषयी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं. भाकरीचा छोटा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. जुनी माणसं त्या सकाळी घरून काही न खाता येतात, चहासुद्धा घेत नाहीत. तसं कुणी त्यांना सांगितलेलं नाही. आईवडील करायचे म्हणून तीही करतात. मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, एक सिस्टर आहेत, मोठ्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या डोक्यात आलं, उपाशीपोटी साखर तपासायला इतकी माणसं एका जागी आयती कुठे मिळणार. मग त्या प्रभुभोजनाच्या आधीच शेजारच्या हॉलमध्ये टेबल मांडायला लागल्या. बोटाला सुई, दंडाला पट्टा, नंतर आत उपासना, आणि शेवटी सगळ्यांना उपमा आणि बिनसाखरेचा चहा. त्या चहाबद्दल लोक जे बोलतात ते चर्चच्या आवारात लिहिण्यासारखं नाही. कुणी घरून चहा पिऊन आलं आणि नाही प्यायलो म्हणालं तर सिस्टर शांतपणे म्हणायच्या, "मला खोटं सांगा, चालेल. यंत्राला जमणार नाही."

पाळकसाहेब तरुण, उत्साही. ते उपदेशात सांगायचे की शरीर हे देवाचं मंदिर आहे, मग त्या मंदिरात वडापाव किती चढवायचे ते तुम्हीच ठरवा. लोक हसायचे, पण ऐकायचेही. बायका सकाळी घोळक्याने चालायला निघाल्या. भाताऐवजी भाकरी आली. मला फार बरं वाटायचं ते बघून. आमच्याकडे दवाखान्यात जायचं म्हणजे तालुक्याची एसटी, अख्खा दिवस, आणि शेवटी डॉक्टर जेवायला गेलेले. इथे देवाला भेटायला यावं आणि येता येता कुणीतरी आपला दंड हातात घेऊन बघावं, हे मला माहेरासारखं वाटायचं.

बाईंना साखरेचा आजार जुना. सकाळी एक गोळी, रात्री एक. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमधून मीच आणायचे. चालणं सुरू केल्यावर, भात सोडल्यावर, एका रविवारी त्यांची उपाशीपोटीची साखर पहिल्यांदाच जिथे असावी तिथे आली. सिस्टरांनी यंत्र पुन्हा पुसून दुसऱ्या बोटाला लावलं. तेच आलं. त्यांनी बाईंची पाठ थोपटली, आणि सिस्टर काही पाठ थोपटणाऱ्यांतल्या नव्हेत.

पाळकसाहेबांना फार आनंद झाला. ते म्हणाले, बाई, पुढच्या रविवारी साक्ष द्या, म्हणजे इतरांनाही धीर येईल. साक्ष म्हणजे उपासनेत आपल्या जागेवर उभं राहायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मुलाला नोकरी लागली, नवऱ्याची दारू सुटली, ऑपरेशन नीट पार पडलं. सांगणाऱ्याचा कंठ दाटतो, ऐकणारे आमेन म्हणतात. आत्तापर्यंत साखरेवर कुणी साक्ष दिली नव्हती.

बाई उभ्या राहिल्या. बालवाडीचा आवाज, शेवटच्या बाकावरच्यालाही पोचणारा. चालण्याबद्दल सांगितलं, भाकरीबद्दल सांगितलं, प्रार्थनेबद्दल सांगितलं. गोळीचं नाव त्यात आलं नाही. तेव्हा ते माझ्याही लक्षात आलं नाही. शेवटी म्हणाल्या, "इतकी वर्षं ह्या आजारानं मला बांधून ठेवलं होतं. आज मी मोकळी आहे." त्या चर्चमध्ये टाळ्या सहसा वाजत नाहीत. त्या दिवशी वाजल्या. पाळकसाहेबांनीच सुरू केल्या. मीपण वाजवल्या.

महिना संपत आला तसं मी विचारलं, गोळ्या आणू ना. बाई म्हणाल्या, नको. मला वाटलं शिल्लक असतील. नंतर पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, आता त्याची गरज नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या का. त्यांनी वर छताकडे बोट दाखवलं आणि भाजी चिरत बसल्या. छतावर आमच्या पालीशिवाय काही नसतं, पण मला कळलं.

पुढे मी धीर करून एकदा नीट विचारलं. तेव्हा त्यांनी मला समजावलं, रागावून नाही, लहान मुलाला समजावतात तसं. म्हणाल्या, मी सगळ्यांसमोर उभी राहून बरी झाले असं बोलले. आता घरी येऊन चोरून गोळी खायची? मग ती साक्ष खोटी. देवाच्या घरात खोटं बोलले, असं होईल. मी म्हटलं, तुम्ही गोळी खात होता म्हणूनच साखर खाली आली असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आठवी झाली ना तुझी? मग नववीचं नको सांगूस."

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला परकं वाटलं नाही. माझ्या आजोबांनी पंचशील घेतलं होतं, दारू शिवणार नाही असं साऱ्या वस्तीसमोर बोलले होते. म्हातारपणी खोकल्याचं औषध आणलं तर कुणीतरी म्हणालं, त्यात थोडी दारू असते. आजोबांनी बाटली बाहेर नेऊन ओतली आणि थंडीभर खोकत राहिले. चारचौघांत बोललेला शब्द म्हणजे काय असतं ते मला कळतं. म्हणूनच भीती जास्त वाटली. अडाणीपणा असता तर कुणी शिकवलं असतं. ही तर निष्ठा होती.

आणि त्यात आणखी एक झालं. साक्ष दिल्यापासून बाई टेबलासमोर बसणाऱ्यांतल्या राहिल्याच नाहीत. पाळकसाहेबांनी त्यांना टेबलाच्या पलीकडे, सिस्टरांच्या शेजारची खुर्ची दिली. ज्यांची साखर वाढलेली निघेल त्यांना बाई धीर द्यायच्या, कसं चालायचं, काय खायचं ते सांगायच्या. बऱ्या झालेल्या माणसाचं बोट कोण टोचणार? सिस्टर मधेच कधी म्हणायच्या, बाई, तुमचंही बघू. बाई म्हणायच्या, आधी ह्यांचं होऊ दे, रांग केवढी आहे. रांग खरोखरच मोठी असायची.

घरात मात्र माठ लवकर रिकामा व्हायला लागला. बाई पाणी पीत होत्या आणि उठत होत्या, पीत होत्या आणि उठत होत्या. साडीचा निऱ्यांचा भाग जाडजूड दिसायला लागला, कारण अंग उतरत होतं. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, बाई, काय छान बारीक झालात. बाई हसायच्या.

सकाळच्या चालण्यासाठी त्यांनी नवे बूट घेतले होते. ते डाव्या अंगठ्याला घासायचे, पण त्यांना ते कळतच नव्हतं. पायाला मुंग्या आल्यासारखं होतं एवढंच कधी बोलल्या होत्या. घरात त्या मोजे घालून बसायला लागल्या. पुण्यात थंडी असते तेव्हाही न घालणारी बाई उन्हाळ्यात मोजे घालून बसते, म्हणजे काय. एके दिवशी कपडे धुताना त्यांचा डावा मोजा हातात आला. पुढे पिवळट डाग होता, कडक झालेला. मी तो पाण्यात टाकला तेव्हा वास आला. तो वास मला माहीत होता. गावाकडे बैलाच्या खुराला जखम चिघळली की असाच येतो.

मी मोजा घेऊन त्यांच्यासमोर गेले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पुन्हा बादलीत टाकला. म्हणाल्या, साधा फोड आहे, हळद लावलीय. मी म्हटलं, बघू तरी. त्यांनी पाय साडीत ओढून घेतला. त्यांच्या तोंडावर मला राग दिसेल असं वाटलं होतं, पण दिसली ती भीती. तेवढं बघून मी मागे सरकले.

त्या आठवड्यात माझ्या पोळ्या करपायच्या. मालकीण म्हणाली, अगं, लोकांना कोळसा पाठवतेस का डब्यात. मी काय करायचं ते मला सुचत नव्हतं. सिस्टरांना जाऊन सांगावं, तर परक्या धर्माची बाई येऊन म्हणतेय की तुमच्या बाईंची साक्ष खोटी आहे. कोण काय समजेल? बाईंनी मला उचलून घरात आणलं, आणि मी त्यांना त्यांच्याच मंडळीत उघडं पाडायचं? आणि न सांगावं, तर तो वास. गावी मायला फोन केला. तिला सगळं नीट सांगता आलं नाही, एवढंच सांगितलं की बाईंचा पाय चिघळलाय आणि त्या कुणाला दाखवत नाहीत. माय म्हणाली, "तिनं तुले घरात घेतलं ना? मंग तिच्या घरातलं तू पाहायचं नाही त कोण पाहीन?"

दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी कुटुंब उपासना असते. त्या बुधवारी ती आमच्याकडे होती. खोलीत सतरंजी टाकली, पाळकसाहेब आले, सिस्टर आल्या, शेजारपाजारची सात-आठ माणसं आली. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, पायात मोजे. गीत झालं, वाचन झालं. मग पाळकसाहेब एकेकाला विचारतात, प्रार्थनेत तुमच्यासाठी काय मागू? कुणी नातवाची परीक्षा सांगितली, कुणी घराचं भाडं. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप मांडत होते. दर वेळेला पाळकसाहेब शेवटी मलाही विचारतात, चांगुलपणाने, आणि दर वेळेला मी मान हलवते की काही नाही. त्या दिवशीही त्यांनी विचारलं, ताई, तुमच्यासाठी काय मागू?

मी म्हणाले, "बाईंच्या पायासाठी."

आधी ठरवून ठेवलं नव्हतं. पण चुकूनही बोलले नाही. त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच देवाकडे मागितलं, म्हणजे तक्रार होणार नाही, असं काहीतरी त्या क्षणी वाटलं असावं.

सगळे बाईंकडे बघायला लागले. सिस्टरांनी विचारलं, कुठला पाय. बाई म्हणाल्या, "तिचं काय ऐकता. तिला पोळी फुगली की पोळीची काळजी वाटते." लोक हसले. पाळकसाहेबांनी डोळे मिटायला सुरुवात केली होती. पण सिस्टर सतरंजीवरून उठल्या आणि बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसल्या.

"मोजा काढा, बाई."

"पुरुषमाणसं बसलीत."

सिस्टर मागे न बघता म्हणाल्या, पुरुषमाणसांनी जरा गॅलरीत जाऊन हवा खावी. पुरुष उठले. पाळकसाहेबही निघाले होते, तर सिस्टर म्हणाल्या, तुम्ही नका जाऊ. मग त्यांनी स्वतःच मोजा काढला. तो अंगठ्याला चिकटला होता, त्यांनी पाणी मागितलं, भिजवून हळूहळू सोडवला. अंगठा काळा पडला होता. शेजारचं बोटही. बाईंना दुखत नव्हतं, तेच वाईट होतं. त्या भिंतीकडे बघत होत्या. सिस्टरांनी पिशवीतून यंत्र काढलं, बोट टोचलं. यंत्रावर आकडा आलाच नाही, नुसती अक्षरं आली. सिस्टर म्हणाल्या, मोजण्याच्या पलीकडे गेलंय. मग विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे.

मी दारातून सांगितलं, साक्षीपासून.

पाळकसाहेब खाली बसले. म्हणाले, बाई, गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं मी कधी म्हणालो का हो?

"तुम्ही नाही म्हणालात," बाई म्हणाल्या. "तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

प्रार्थना झाली नाही. एक जण रिक्षा आणायला खाली धावला. मांडलेला चहा तसाच राहिला.

दवाखान्यात अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. सगळे मला म्हणाले, तुझ्यामुळे वाचल्या. बाई तसं म्हणाल्या नाहीत. दवाखान्यात असेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मी उशाशी बसलेली, आणि त्या भेटायला आलेल्या बायकांना म्हणायच्या, तिला सांगा, पाणी दे. मी मनातल्या मनात माझी पिशवी भरून ठेवली होती. कात्रजचा जुना खोलीमालक अजून खोल्या देतो का तेही विचारून आले. घरी आल्यावर एकदा मी विचारूनच टाकलं, बाई, मी दुसरीकडे जागा बघू का. त्या म्हणाल्या, "जातेस कुठे? गावभर पाय दाखवलास, आता तूच बघ त्याच्याकडे."

ते क्षमा केल्यासारखं होतं की शिक्षा दिल्यासारखं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी राहिले.

चर्चमध्ये काही गोष्टी बदलल्या. पाळकसाहेबांनी एका रविवारी उपदेशात सांगितलं, कुणाचं नाव न घेता, की देवाचे आभार मानायचे तर गोळी गिळून माना. साखरेवरच्या साक्षी त्यांनी बंद केल्या. आता टेबलापाशी सर्वांत आधी जुन्या बऱ्या झालेल्यांना बोलावतात. पहिल्यांदा तसं बोलावलं त्या सकाळी आणखी काही जण हळूच सिस्टरांच्या कानाशी लागले, की आम्हीसुद्धा गोळ्या सोडल्या होत्या. सिस्टर एकीला म्हणाल्या, मग इतके महिने माझा फुकटचा उपमा कशाला खाल्लात. पण म्हणता म्हणता त्यांनी तिचं बोट पुसून सुई लावली. त्या टेबलाकडे बघताना मला पूर्वीसारखं निवांत वाटत नाही. चांगलंच करायला निघालेली माणसं होती ती सगळी. बाईसुद्धा.

पाळकसाहेब एकदा घरी आले होते. म्हणाले, बाई, तुम्हीच एकदा उभं राहून सांगाल का, काय झालं ते. लोक तुमचं ऐकतात. बाई म्हणाल्या, एकदा उभी राहिले तर दोन बोटं गेली, आता बसूनच बरी आहे. ते चहा पिऊन गेले. दारातून जाताना मला म्हणाले, लक्ष ठेवा. मी काय ठेवणार होते दुसरं.

आता बाई सकाळची गोळी माझ्यासमोर घेतात. जीभ बाहेर काढून दाखवतात, बालवाडीतल्या पोरासारखी, मला चिडवायला. रविवारी जातात, मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसतात. साक्षीची वेळ आली की डोळे मिटून घेतात. देवाशी त्यांचं काय चाललंय ते मी विचारत नाही. पूर्वी रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायच्या. आता तसं बसता येत नाही, म्हणून करत नाहीत की आणखी कशाने, कोण जाणे.

कामावरून आले की मी हातपाय धुते आणि टॉर्च घेऊन त्यांच्या पायाशी बसते. तळवा, टाच, उरलेल्या बोटांमधल्या फटी. बाई पाय पुढे करतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसतात. जखम भरत आलीय, पण पुरती नाही. ती भरेल का, हे डॉक्टर नीट सांगत नाहीत. मी रोज बघते.

काल करंगळीच्या कडेला लाल दिसलं. नखाएवढंच. मी टॉर्च जवळ नेला, बोटाने दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. उजेडामुळे असेल असं स्वतःला सांगून पाहिलं. मग म्हणाले, बाई, इथे लाल आहे.

त्यांनी मान वळवली नाही.

"दिसतंय ना तुला?" त्या म्हणाल्या. "मग बसून काय राहिलीस. रिक्षा बोलाव."